सतरा नंबरची बदली

घरात तिला सगळे ‘सायलेंट’ म्हणत. वय बावीस, तब्येत ठणठणीत, जीभ शाबूत. पण फोन वाजला की ही तो उशीखाली सरकवायची. आई स्वयंपाकघरातून फोन करायची, तर ही पलंगावर पडल्या पडल्या तो वाजू द्यायची आणि बंद झाला की मेसेज टाकायची : ‘बोल, काय?’ एकदा दाढ सुजली तेव्हा दवाखान्यात फोन करून वेळ घ्यावी लागणार होती. तिने तीन दिवस गाल धरून काढले, पण फोन केला नाही.

नोकरी मात्र फोनशीच संबंधित होती. लोकांना ‘आता पाणी प्या’ अशी आठवण करून देणारं एक अॅप तिची कंपनी बनवत होती. कचेरी एका जुन्या दगडी इमारतीत होती. कधीकाळी तिथे टेलिफोन एक्स्चेंज होतं म्हणे.

एका मंगळवारी सकाळी, मान खाली घालून मेसेज वाचता वाचता ती नेहमीच्या लिफ्टऐवजी सामानाच्या लिफ्टमध्ये शिरली. लोखंडी जाळीचं दार कोणी ओढलं, हे तिने पाहिलंच नाही. लिफ्टने एक गचका दिला, दिवा गेला, आला. ती बाहेर पडली आणि तशीच वीसेक पावलं चालत गेली. स्क्रीनवर ‘नेटवर्क नाही’ आलं, तेव्हा कुठे तिने मान वर केली.

समोर लांबलचक खोली. भिंतीला लागून लाकडी फळ्या, त्यांवर शेकडो भोकं, लुकलुकणारे दिवे आणि दोऱ्यांचं जंजाळ. समोर ओळीने बसलेल्या, कानाला यंत्र लावलेल्या बायका. भिंतीवरच्या कॅलेंडरात साल होतं ते तिच्या आईच्याही जन्माआधीचं.

“आलात? या!” करड्या साडीतल्या एक उंच बाई तिच्यावर चालून आल्या. त्या तिथल्या मुख्य. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत. “बदलीची मुलगी ना तू? किती वाजले?”

भिंतीवर काट्यांचं घड्याळ होतं. सायलेंटने त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, बोटं मोजली.

“जाऊ दे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उशीर झालाय एवढं कळलं तरी पुरे. सतरा नंबरवर बस.”

शेजारच्या सोळा नंबरवर दोन वेण्यांची, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. तिने भराभर शिकवलं, “दिवा लागला की मागची दोरी खोचायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं, पुढची दोरी त्या नंबरात खोचायची.”

“मग?”

“मग ते बोलतात. आपण गप्प.”

हा शेवटचा भाग सायलेंटला फार आवडला. पण त्याआधीचं दोन शब्दांचं संकट होतं ना! पहिला दिवा लागला. तिने दोरी खोचली आणि कसंबसं पुटपुटली. “कोण कुजबुजतंय तिकडे?” पलीकडून एक माणूस ओरडला. तिने घाबरून दोरीच उपटली. दुसऱ्या वेळी लाकडाच्या वखारीला तिने दातांच्या डॉक्टरशी जोडून दिलं. ‘किती उपटायचेत’ आणि ‘किती फूट हवंय’ यावरून ते दोघे पाच मिनिटं भांडले.

एक्स्चेंजच्या साहेबांनी बोलावलं म्हणून मोठ्या बाई खाली गेल्या आणि नेमका तेव्हाच तिसरा दिवा लागला.

“बाई, माझ्या सुनेला कळा सुरू झाल्यात हो! डॉक्टर घरी नाहीत. शोधा ना त्यांना!” एक म्हातारी बाई एका दमात म्हणाली.

सोळा नंबरच्या हातात एकाच वेळी चार दोऱ्या होत्या. सायलेंटने सवयीने खिशातून फोन काढला आणि ‘जवळचे डॉक्टर’ असं टाइप केलं. चाक गरगर फिरत राहिलं.

“अगं, ते काय बघतेस? विचार ना लोकांना!” सोळा नंबर खेकसली.

“कोणाला?”

“सगळ्यांना!”

तिने घसा खाकरला आणि एकेक दोरी खोचत विचारायला लागली. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर केस कापायला गेलेत. न्हावी म्हणाला, अर्धे कापून झाल्यावर उठले, चष्मा आणायला गेले. चष्मेवाला म्हणाला, आत्ताच पोस्टमास्तरांबरोबर गेले. प्रत्येक फोनगणिक तिचा आवाज चढत होता. पोस्टातल्या कारकुनाने “जरा थांबा” म्हटलं, तेव्हा ती कडाडली, “थांबायला बाळ ऐकतंय का? बघून या!”

डॉक्टर पोस्टाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळ खेळत होते. “एवढा डाव संपवतो आणि...”

“डाव राहू द्या, डॉक्टर! ती बाई कळा देतेय, तुमचा वजीर नाही!”

“कोण बोलतंय?”

“सतरा नंबर!”

अर्धे केस कापलेले डॉक्टर पोस्टमनच्या सायकलवरून सुटले. तासाभराने तोच दिवा पुन्हा लागला.  म्हाताऱ्या बाईने नुसता फोन आतल्या खोलीच्या दिशेने धरला आणि सायलेंटच्या कानात नवं कोरं रडणं घुमलं. तिचेही डोळे भरून आले. नाक पुसायला सोळा नंबरने तिला आपला रुमाल दिला.

इतक्यात दारात एक घामाघूम मुलगी उभी राहिली. “बाई, मी बदलीची. बस चुकली.”

परत आलेल्या मोठ्या बाई सायलेंटकडे वळल्या. “मग तू कोण?”

खोटं सुचेना. “मी... पुढच्या काळातून आलेय.”

“असं? तिकडे माणसं वेळेवर येतात?”

“नाही.”

“मग सुधारणा काय झाली?”

सायलेंटने फोन पुढे केला. “हा फोन. दोरी लागत नाही.”

“लाव बघू एक.”

लागला नाही, हे सांगायला नकोच. मोठ्या बाईंनी फोन उलटापालटा करून परत दिला. “आवाज मात्र खणखणीत आहे तुझा. उगाच कोंडून ठेवला होतास. जा आता, खुर्ची मोकळी कर.”

ती त्याच लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्टने पुन्हा गचका दिला. बाहेर आली तेव्हा कचेरीत फक्त वीस मिनिटं उलटली होती आणि तिच्या साहेबांचे अकरा मेसेज होते. ती सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, “बोला, काय काम होतं?” साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “अगं... मेसेज करायचास ना!”

महिन्याभराने तिने रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनवर अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, “अनुभव?”

“एक सकाळ.”

“कुठे?”

“ते सांगितलं तर तुम्ही नोकरी देणार नाही.”

तिने सांगितलं नाही. नोकरी मिळाली.