लिहिलं नसेल तर घाट मोकळा

"एजे, खातं तुमचं नाही. ज्याचं आहे त्याच्याशी मला बोलायचंय," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि बुरुलच्या हातातली किटली तशीच तिरपी राहिली. चहा टेबलावर सांडला.

शनिवारचे साडेनऊ वाजले होते. काराबेल घाटाच्या पायथ्याशी बुरुलचा चहाखाना. या वेळेला तो रिकामाच असतो, कारण जे ट्रक घाट चढायचे ते पहाटेच चढून गेलेले असतात. बाहेर ऊन होतं आणि बर्फ डोळ्यांत खुपत होता.

चूक तिचीच होती. ऑक्टोबरपासून सासऱ्यांच्या फोनच्या पडद्यावर रोज एक पिवळी पट्टी यायची आणि ती रोज अंगठ्याने बाजूला सारायची. कसली तरी जाहिरात असणार, गालिचे नाहीतर कर्ज. आज सकाळी एका ड्रायव्हरने चहा पिता पिता सहज विचारलं, "म्हातारबाबा आता कुठं जाणार राहायला? ते घर तर आज बंद होतंय." तेव्हा तिने पट्टी वाचली. आज दुपारी बारा वाजता सर्व्हर कायमचा बंद. खाली राजधानीतला एक फोन नंबर होता. तो तिने फिरवला. उचलणारी मुलगी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत होती.

सासरे ज्या ठिकाणी घाटाची खबर लिहायचे ते म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीचं दुकान नव्हतं. फोनवरची ती मुलगी, चोल्पोन नावाची शाळामास्तरीण, आपल्या घरातल्या कपाटात एक यंत्र ठेवून ते चालवायची. अशी लहान लहान घरं जगभर होती. या घरातल्या माणसाने बोललेलं त्या घरातल्याला ऐकू यायचं, आणि कोणाला घर बदलावंसं वाटलं तर तो आपली ऐकणारी माणसं बरोबर घेऊन दुसऱ्या घरी जाऊ शकायचा. फक्त एक अट होती, जुनं घर उभं असेतो निघायला हवं. आता चोल्पोनचं बिऱ्हाड परदेशी निघालं होतं आणि तिचं राहतं घर विकत घेणारा बारा वाजता किल्ल्या घ्यायला येणार होता.

बुरुलच्या सासऱ्यांनी जन्मभर घाटावर बर्फ काढणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून काम केलं. कुठल्या वळणावर बर्फ बसलाय, कुठं वारा आहे, हे ते पहाटे पाच वाजता दोन ओळींत लिहायचे. सरकारी सूचनाही यायची, पण ती आठनंतर, आणि ड्रायव्हर निघतात पाचला. त्या दोन ओळींसाठी जवळजवळ चार हजार माणसं त्यांच्या मागे होती. कोळसेवाले होते, मेंढ्या नेणारे होते, भाड्याच्या गाड्यांवाले होते. म्हाताऱ्याची एक खोड मात्र होती. घाट मोकळा असेल त्या दिवशी ते काहीच लिहीत नसत. मोकळ्या रस्त्याची कसली बातमी, म्हणायचे. त्यामुळे ड्रायव्हरांनी आपला आडाखा बांधून टाकला होता, की लिहिलं नसेल तर घाट मोकळा.

आता त्या आडाख्यानेच बुरुलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घर बंद पडलं तर ही चार हजार माणसं रविवारची सुट्टी संपवून सोमवारी उठतील, पाहतील, काही लिहिलेलं नाही म्हणतील आणि खुशाल गाडी घाटाला लावतील. त्यात हा भर जानेवारी.

"बाळा, सासऱ्यांच्या वतीने मी सांगते ना," ती चोल्पोनला म्हणाली.

"एजे, माझ्या घरात आठशे माणसं राहतात. उद्या कोणीही फोन करून सांगेल, मी अमक्याची सून, त्याचं खातं हलव. मग मी काय करायचं? त्यांना माझ्यासमोर नुसतं हो म्हणू द्या. नवं घर मी बघून ठेवलंय, तिकडच्यांशी बोललेय. फक्त त्यांचं हो हवं. आणि लवकर, कारण माणसं एकदम हलत नाहीत, एकेक करून जातात."

खरी अडचण इथेच होती. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. ते इस्पितळात असताना पहिला बर्फ पडला, आणि लोक विचारू लागले की बाबा, घाटाचं काय? बुरुलचा नवरा मेदेर घाटावर बर्फ काढायचं यंत्र चालवतो. तो पहाटे फोन करायचा. त्याने सांगितलेलं तिने एक दिवस सासऱ्यांच्या फोनवरून लिहून टाकलं. मग दुसऱ्या दिवशीही लिहिलं. सासरे घरी आले तरी त्यांना विचारायचा धीर तिला झाला नाही. सहा हिवाळे ती सरपणाच्या खोलीत उभी राहून सासऱ्यांच्या नावाने लिहीत होती, आणि चहाखान्यात ड्रायव्हर तिलाच सांगायचे, "म्हाताऱ्याला आमचा सलाम सांगा, परवा त्याच्यामुळे वाचलो." ती सलाम घ्यायची आणि चहा ओतायची.

चहाखान्याला लागूनच असलेल्या घरात सासरे रस्त्याकडच्या खिडकीशी बसले होते. बुरुल रिवाजाप्रमाणे दाराशीच थांबली. घरात सून होऊन येऊन तिला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांना ती अता, म्हणजे बाबा, म्हणायची.

"अता," ती म्हणाली, "तुमचं ते लिहायचं घर आज बंद होतंय. माणसं दुसरीकडे न्यायला तुमचं हो लागतं. आणि अता, सहा वर्षं तिथं मी लिहितेय. तुम्हाला न विचारता."

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. बुरुलला वाटलं, संपलं, आता या घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

"वारा चावतोय," सासरे म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा तसे ते बोलायचे. "मंगळवारी लिहिलंस. वारा चावत नाही. वारा असतो. नाहीतर नसतो."

बुरुलने मान वर केली.

"आणि जपून या, कशाला? न जपता येणारेत का?" त्यांनी डाव्या हाताने उशीखालून तडा गेलेला एक फोन काढला. मेदेरचा जुना फोन. "पोरानं दिलाय. पहिल्याच हिवाळ्यात."

म्हणजे नवऱ्यालाही ठाऊक होतं. थंडीत कुडकुडत सरपणाआड लपून ती लिहीत होती, आणि दोघं बापलेक आत उबेला बसून वाचत होते. तिला आधी हायसं वाटलं आणि लगेच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण भांडायला वेळ नव्हता. तिने चोल्पोनला पडद्यावर घेऊन फोन सासऱ्यांपुढे धरला.

"अता, हलवू का?" चोल्पोनने विचारलं.

"हलव. पण तिकडं माझं नाव नको. लिहिणाऱ्याचं टाक."

"अता, बाईचं नाव बघून ट्रकवाले थांबतील का?" बुरुलला राहवलं नाही.

"ते तुझं तू बघ," सासरे म्हणाले.

चोल्पोनने झटपट नव्या घरातल्या खात्याचा पासवर्ड दिला. मग एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती तिने सांगितली. माणसं जातील, लिहिलेलं मात्र जाणार नाही. म्हाताऱ्यांनी लिहिलेल्या ओळींची एक फाईल ती पाठवील, पण त्याखाली दुसऱ्यांनी जे लिहिलं ते त्या फाईलीत येत नाही. ते इथेच संपेल.

 सासरे आपल्या फोनवर मागे मागे जाऊ लागले. बुरुलला कळलं ते काय शोधताहेत. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी एकच ओळ लिहिली होती, की आज घाटाचं सांगता येणार नाही, घरातलं माणूस गेलं. त्याखाली चारशे ड्रायव्हरांनी लिहिलं होतं. कोणी दुवा दिली होती, कोणी सासूबाईंच्या हातच्या नानची आठवण काढली होती, एकाने नुसतं लिहिलं होतं की आज मीही गाडी काढली नाही. म्हातारा ते वाचू लागला. एकेक वाचायचा, थांबायचा, मग पुढचं. अकरा वाजले. अकरा दहा झाले. चोल्पोनचे निरोप येत होते, एजे, काय झालं, एजे, आटपा. ते वाचत असताना त्यांचं खातं हलवायचं बुरुलच्याने होईना, आणि सासऱ्यांना घाई करायची सुनेची जीभ रेटेना. ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, अता, मेलेल्यांचं वाचताय, जिवंतांचं काय?

अकरा वीसला त्यांनी फोन पालथा ठेवला.

नवं खातं बुरुलच्या नावाचं झालं. आता त्या नव्या खात्यात लिहायचं होतं की माझं जुनं घर अमुक अमुक. म्हणजे जुन्या खात्याचं नाव, आणि ते नाव म्हणजे सासऱ्यांचंच नाव. आपल्याला ते सांगायला काही हरकत नाही, ओमुरझाक. पण बुरुलने ते एकोणतीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. सुना काढत नाहीत. त्याच नावाचा एक शेजारी होता, त्याला ती 'कोपऱ्यावरचे भाऊ' म्हणायची. खात्यावर लिहिताना नाव आपोआप यायचं, म्हणून आजवर निभावलं होतं.

तिने फोन सासऱ्यांना दिला. त्यांचं डावं बोट पडद्यावर थरथरलं, एका अक्षराऐवजी तीन उमटली. पुसली. परत तेच. तिसऱ्यांदा फोन हातातून गोधडीवर पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

"तू लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं. लिहिताना कान गरम झाले. पण चोल्पोन पलीकडून म्हणाली, "एजे, वाचून दाखवा. एका अक्षराची चूक झाली तर सगळं वाया जाईल, परत करायला वेळ नाही."

 अकरा सदतीस झाले होते. सोमवारी घाटाला लागणारे ट्रक तिला दिसत होते. तिने डोळे मिटले.

"ओमुरझाक," ती म्हणाली, आणि मग अक्षर न अक्षर वाचून दाखवलं.

डोळे उघडले तेव्हा सासऱ्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलेलं होतं. "या कानानं," ते म्हणाले, "मला हल्ली काही ऐकू येत नाही."

तो कान तर चांगला होता. बुरुलला हसू आलं आणि रडूही.

मग माणसं येऊ लागली. आधी दोन, मग चाळीस, मग शंभरावर. ती आकडा बघत खाली बसली, सासऱ्यांच्या समोरच, जमिनीवर. बारा वाजले. चोल्पोनने घर घेणाऱ्याला चहावर चहा पाजत बसवून ठेवलं. पाऊण वाजता तिचा फोन आला, आवाज बसलेला होता. "एजे, आता वायर काढते. यापुढे माझ्याच्यानं होत नाही." आकडा एकोणतीसशेवर थांबला. नऊशेच्या आसपास माणसं जुन्या दारातच राहिली, आणि ती कोण हे कळायला काही मार्ग नव्हता. सासऱ्यांनी आपला फोन उलटा करून एकदा पाहिलं. पानावर काही नव्हतं.

रविवारी घाट मोकळा होता. ती काही लिहिणार नव्हती, मग लिहिलं. 'घाट मोकळा. यापुढे मोकळा असला तरी रोज लिहीन.' तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी पहाटे मेदेरचा फोन आला. नवव्या वळणावर बर्फ लोंबतोय, वारा वरून आहे, आठपर्यंत कोणी येऊ नये. बुरुलने लिहिलं. 'नववं वळण. वारा आहे. आठपर्यंत खालीच थांबा.' जपून या, असं लिहिलं नाही. थोड्या वेळाने ट्रक येऊ लागले आणि चहाखान्यासमोर एकामागे एक उभे राहिले. एकदोघांनी आत येऊन विचारलं, ही नवी बुरुल कोण? ती म्हणाली, मीच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, टोप्या काढल्या आणि चहा मागितला. तिचा जीव जरा खाली पडला.

मग बाहेर एका गाडीचा आवाज आला. उभ्या रांगेला वळसा घालून एक कोळशाचा ट्रक सरळ घाटाकडे निघाला होता. बुरुल शाल न घेताच धावली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ब्रेक करकरले. गाडी चार हातांवर थांबली. ड्रायव्हरने काच खाली केली. तोरोबाय होता, वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"एजे, मरायचंय का? बाजूला व्हा."

"घाट बंद आहे. नववं वळण."

"म्हाताऱ्यानं काही लिहिलेलं नाही. चारदा बघितलं. हे सगळे काय चहाला थांबलेत?"

"तो लिहिणार नाही आता. मी लिहिते."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

तोरोबायने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, तिथे काचेआड म्हातारा बसला होता, मान खाली घालून. मग वर घाटाकडे पाहिलं. तिथे अजून काही दिसत नव्हतं. मंगळवारचं 'वारा चावतोय' वाचून तो अर्ध्या रस्त्यातून मागे फिरला होता, हे त्याने नंतर सांगितलं.  आत्ता त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"मग आता कुठं वाचायचं?" त्याने विचारलं, आणि खिडकीतून आपला फोन तिच्याकडे दिला.

बुरुल रस्त्यावरच उभी राहून त्यात आपलं नाव लिहू लागली. नाव लहानसंच होतं, पण बोटं गारठली होती, म्हणून वेळ लागला. तोरोबाय थांबला.