नवसात सापडलेली फटफटी

मित्रांनो, ज्या गंजक्या लोखंडावर बसून तुम्ही आत्ता बोरं खाता आहात, ते लोखंड म्हणजे मी. एके काळी मी फटफटी होते. बिया खुशाल माझ्या टाकीत टाका, तिला आता दुसरं काही पचत नाही. फक्त माझी हकिकत संपेपर्यंत उठू नका.

माझा जन्म विलायतेचा आणि तारुण्य गेलं लढाईत. ब्रह्मदेशाच्या जंगलात माझा आवाज ऐकून एका रानहत्तीने सोंड वर करून मला सलाम ठोकला होता. खोटं वाटत असेल तर त्या हत्तीला विचारा. लढाई संपली आणि आम्हा शंभरेक फटफट्यांना कामठीच्या मैदानात भंगारासारखं उभं केलं गेलं. तिथून मला मोरेश्वरने उचललं.

मोरेश्वर तिगावचा. संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी बगीचे पाहत फिरणं हे त्याचं काम. झाडाखाली उभं राहून वर नुसती नजर फिरवायची आणि किती फळ उतरेल ते सांगायचं. बोरगाव, मोहगाव, सौंसर... पूर्वी जिथे जायला आठवडा जाई, तिथे माझ्यामुळे तो दोन दिवसांत जाऊन येऊ लागला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी माझ्या हँडलला तिरंगा बांधून त्याने पांढुर्ण्याच्या बाजारातून अशी धाव घेतली, की त्याची उडालेली टोपी थेट सौंसरला जाऊन पडली.

दर रविवारी तो मला रॉकेलच्या फडक्याने पुसत असे. उषा, त्याची बायको, ओट्यावरून टोमणा मारी, "इतक्या मायेनं मले कधी विचारलं नाई तुमी, चाय पेते का म्हणून!"

सगळं होतं, पण नऊ वर्षं त्या घरात पाळणा हलला नाही. शेवटी मोरेश्वरची आई शकुबाई जामसावळीच्या हनुमानाला गेली आणि नवस बोलून आली, "माह्या मोऱ्याले एक लेकरू दे. त्याच्या जिवाची फटफटी आमी घराबाहेर काढू." मला कोणी विचारलं नाही. मोरेश्वरलाही नाही.

छप्पन साली उषा बाळंतपणाला काटोलला माहेरी गेली, तेव्हा काटोल आणि तिगाव एकाच राज्यात होती. पोर घेऊन परतली तोवर राज्यांची नवी वाटणी झालेली. माहेर मुंबई राज्यात, सासर मध्यप्रदेशात, आणि आमची राजधानी नागपुराहून उठून भोपाळला गेलेली. शेजारचा बागायतदार रामाजी म्हणाला, "वहिनी, पोरगी तं परराज्याची निघाली!" सगळे हसले. शकुबाई तेवढी हसली नाही.

"पोर झाली," ती म्हणाली. "आता नवस फेडाचा हाय, मोऱ्या. फटफटी कवा काढतो?"

मोरेश्वरचा चेहरा उतरला. आईपुढे कधी वर मान न केलेला माणूस तो. त्याने मान हलवली, मला ढकलत दाराबाहेर नेलं आणि संध्याकाळी हात हलवत परत आला. "इकली, माय. आमल्याच्या एका ठेकेदाराले."

विकली कुठली! मित्रांनो, मी रामाजीच्या बगीच्यात होते, टोपल्या ठेवायच्या खोपडीत, गवताखाली. माझ्या मालकाला बाप व्हायचं होतं आणि मलाही सोडायचं नव्हतं. मग तो रोज सकाळी सायकलवर निघे, सायकल खोपडीत ठेवी, मला घेऊन कामाला जाई, आणि परतताना हाताचा पेट्रोलचा वास जावा म्हणून संत्र्याची सालं चोळी. पूर्वी मी गावातून फटफटत गेले की पोरं मागे धावत. आता गाव टाळून, ओढ्याकाठच्या वाटेने, चोरासारखी जाई. मला उंदीर लागले. एक उंदरीण तर माझ्या सीटमध्ये बारा पिल्लं घालून बसली होती. दहा म्हणा हवं तर. पण उंदरांपेक्षा जास्त मला मोरेश्वरची नजर कुरतडत होती. मला किक मारण्यापूर्वी तो दरवेळी जामसावळीच्या दिशेला हात जोडी आणि पुटपुटे, "पोरीले काई करू नको, देवा."

पोर, म्हणजे प्रेमलता, पाच महिन्यांची झाली आणि तिला डांग्या खोकल्याने धरलं. आधी साधा वाटला. एका दुपारी खोकता खोकता तिचा श्वास अडकला आणि ओठ जांभळे पडले. श्वास परत आला, पुन्हा अडकला. डॉक्टर पांढुर्ण्यात. गाडी सकाळीच निघून गेलेली. बैलगाडीने दिवस मावळला असता.

मोरेश्वर अंगणात नुसता येरझारा घालत होता. तेव्हा उषाच बोलली, सासूच्या समोर. "फटफटी आहे न रामाजी भाऊजीच्या बगीच्यात! पाहून काय राहिले? काढा!"

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शकुबाईने कपाळावर हात मारला. "म्हणून! म्हणून माह्या नातीची ही गत! देवाशी खोटं बोलला रे तू!"

ते शब्द घेऊनच मोरेश्वर खोपडीत धावत आला. मागे पोरीला छातीशी धरून उषा, तिच्यामागे अनवाणी शकुबाई. त्याने गवत ओढून काढलं, मला बाहेर आणलं आणि किकवर पाय ठेवून तसाच थिजला.

"काय झालं?" उषा ओरडली.

"माह्यानं होत नाई. अजून पाप लागन पोरीले."

पोरीचा घशातला आवाज तेवढा ऐकू येत होता. मग शकुबाई पुढे आली. "मोऱ्या, नवस बोलली मी. देवाले जाब मी देईन. तू पाय मार!"

त्याने मारला. एकदा, दोनदा, पाचदा. हत्तीचा सलाम घेतलेली मी, नेमक्या त्या वेळी अडले. थाप नाही मित्रांनो, त्याची लाज मला अजून आहे. तेव्हा त्या साठीच्या बाईने लुगडं खोचलं, माझ्या मागच्या कॅरियरला दोन्ही हात लावले आणि गलका ऐकून आलेल्या रामाजीला म्हणाली, "पाहतो काय मेल्या? ढकल!" जी मला घराबाहेर काढायला निघाली होती, तिनेच मला पन्नास पावलं ढकललं. मी खोकले, धूर ओकले आणि सुरू झाले. उषा पोरीला घेऊन मागे बसली. पांढुर्ण्यापर्यंत मोरेश्वर दर थोड्या वेळाने विचारी, "श्वास चालू हाय न?"

तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाला, "आता घरी न्या."

घरी आल्यावर मोरेश्वर आईपुढे बसला. "माय, आता खरंच इकतो."

"चूप बस," शकुबाई म्हणाली. "मले जामसावळीले घेऊन चाल. तिच्यावरच."

कॅरियरवर गोधडी घालून ती बसली, वाटभर मला आणि मुलाला शिव्या देत. हनुमानासमोर मात्र तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मग कमरेची तंबाखूची चंची सोडून तिने पायरीवर ठेवली. चाळीस वर्षांची सवय होती ती. "देवा, फटफटी लेकाची होती. दुसऱ्याच्या जिवाची वस्तू तुले देऊन बसली, चुकलं माह्यं. हे माह्यं हाय, हे घे." पुढे महिनाभर ती सगळ्यांवर खेकसत होती, पण चंची परत घेतली नाही.

मी राहिले, मित्रांनो. पण मोरेश्वर पुन्हा पहिल्यासारखा धावला नाही. एकटा असला तरी त्याला मागून श्वास ऐकू येई. प्रेमलता टाकीवर बसण्याएवढी झाली, तेव्हा तिगावच्या उतारावर तो मला बंद करी, खाली उतरे आणि हँडल धरून पायी चाले. लोक हसत, "मोरेश्वरभाऊ, फटफटी चालवता का चारायले नेता?" पोरगी वर बसून तोंडानेच फटफट आवाज काढी.

घरात लेकरू आल्यावर गाडी ठेवावी की काढावी, हे मी सांगणार नाही. पण ठेवलीत तर घरच्यांना सांगून ठेवा. लपवलेल्या गाडीला गंज लवकर चढतो. दर रविवारी पुसा, ब्रेक पाहा. आणि लेकरू वर बसलेलं असेल, तर उताराच्या तोंडाशी थांबून खाली उतरा. लोक हसले तर हसू द्या.