कोठीतलं बोलणं

गिरणीचा पट्टा सकाळपासून चाकावरून निसटत होता आणि त्यात शिंप्याची बायको भांडायला आली. पिठाचा डबा तिने फळीवर आदळला.

"हे दळलंय का भरडलंय? मळायला घेतलं तर हाताला टोचतंय!"

"दगड गुळगुळीत झालेत, वहिनी. त्यांना टाकी मारून खरबरीत करणारा यायचाय अजून," गिरणीवाली म्हणाली.

"यायचाय, यायचाय! तुमचे मालक होते तेव्हा असं कधी..." शिंपीण बोलता बोलता थांबली आणि पदराने डब्याची कड पुसू लागली.

गिरणीवालीने डबा आपल्याकडे ओढला. ती मुळातच कमी बोलायची. सकाळी माळ ओढून झाल्याशिवाय गिरणीचं बटण दाबायचं नाही, हा तिचा नेम. त्यानंतर दिवसभर काय बोलायचं ते गिरणीने बोलावं. तिने डबा उचलला, पीठ पुन्हा वरच्या तोंडात ओतलं आणि पट्टा चढवला.

बाहेर रान सुगी झाल्यावर पडतं तसं उघडंवाघडं पडलं होतं. काळ्या मातीला पाय अडकेल एवढ्या भेगा. दुपारचं वारं भुसा उचलून आणायचं आणि गिरणीच्या दारात गोल फिरवून तिथेच टाकून जायचं. त्या भुशातून चहावाला पळत आला.

"वहिनी! चोर आले, चोर!"

शिंपीण डब्याला मिठी मारून उभी राहिली. "अगं आई! कुठे?"

"अहो, आपले चोर! कोठीतले! धुऊन-पुसून, नवे कोरे होऊन आलेत!"

"मेल्या, जीव घेतलास माझा!" शिंपिणीने चिमूटभर पीठ त्याच्यावर उधळलं, आणि मग तीही हसायला लागली. "खरंच? आपला सिनेमा?"

सिनेमा खरंच गावचा असल्यासारखा होता. दोन चोर एका घरात शिरतात, घरमालक अवचित परत येतो, चोर धान्याच्या कोठीत लपतात, असा तो हसवणारा, फार जुना सिनेमा. शहरातलं एक दुकान बंद पडलं तेव्हा गिरणीवाल्याने तिथून व्हीसीआर आणि ही एकच कॅसेट आणली होती. सुगी उरकली की दरवर्षी गाव गिरणीत जमायचं, पोत्यांवर बसायचं आणि पाठ झालेल्या सिनेमाला पुन्हा हसायचं. कुणाची म्हैस अडली, कुणाचं लग्न मोडलं, कुणी कोर्टाची पायरी चढलं, तरी बोलण्यात त्या चोरांचं एखादं वाक्य यायचंच.

पण कॅसेट आली तीच खराब. चोर कोठीत उतरले, झाकण लागलं, की पडद्यावर पांढरे ठिपके भुरुभुरु पडायला लागायचे आणि नुसती खरखर ऐकू यायची. गावाने त्याला नाव ठेवलं होतं 'पीठ'. "गप बसा रे, पीठ पडायला लागलं!" असं कुणीतरी ओरडायचं, आणि गिरणीवाला उठायचा. लग्नाआधी शहरातल्या थेटरात त्याने हा सिनेमा सबंध पाहिलेला. गावात असा तो एकटाच. तो टीव्हीशेजारी उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि दोन्ही चोरांचं बोलणं दोन आवाजांत बोलून दाखवायचा.

"पाय काढ की माझ्यावरचा."

"तो तुझाच पाय आहे."

"मग माझा दुसरा कुठे आहे?"

"माझ्यापाशी आहे. राहू दे, जाताना देतो."

पोती हलायची एवढं गाव हसायचं. मग पीठ थांबायचं, झाकणावर बसलेला मालक उठताना दिसायचा, गिरणीवाला खाली बसायचा.

तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. पीठ पडलं की आता सगळे मिळून ते बोलणं म्हणायचे. गिरणीवाली तेवढी मागे, गिरणीच्या खांबाला टेकून, ओठ मिटून बसायची.

चहावाला आता हातवारे करून सांगत होता. कंपनीला म्हणे कुठल्या गोदामात मूळ फिल्म सापडली, एकेक चित्र साफ केलं, आवाज धुतला. शहरात लोक दुकानापुढे रांगा लावून उभे होते. "आणि वहिनी, तुमची भाची घेऊन येतेय रविवारी. डिस्क आणि नवं मशीनपण. आता पीठबीठ काही नाही. कोठीतलं सगळं दिसणार! ते जुनं व्हीसीआरचं खोकं द्या आता भंगारात."

गिरणीवालीच्या हातातला डबा भरून सांडायला लागला तरी तिला कळलं नाही.

तिचा आणखी एक नेम होता, आणि तो देवाखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. दुपारी दळण संपलं, पट्टा थांबला, की ती दार लोटून घ्यायची आणि कॅसेट लावायची. सिनेमा नको असायचा तिला. ती फक्त पीठ लावायची. ठिपके पडत राहायचे, खरखर चालायची. आधी काहीच नसायचं. मग त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी घसा खाकरायचं.

तेवढंच. पुढचं बोलणं कधी यायचं नाही. भास आहे हे तिला कळत होतं. म्हणून काही ती दार उघडत नव्हती. उलट श्वास धरून बसायची, कारण बोलण्याआधीचं ते खाकरणं त्याचंच होतं; तेवढ्या आवाजात तो अजून उभा होता. आता आवाजच धुऊन आले होते. खरखर नसेल तर त्याने उभं कुठे राहायचं?

आणि तिला दुसरीही एक भीती होती. ते बोलणं आता परक्या माणसांच्या तोंडून, मूळचं, खरं ऐकावं लागणार. ते त्याचं नव्हतं हे तिला आधीपासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं.

लग्न होऊन गिरणीत आली त्या वर्षी भरदुपारी आभाळ काळं झालं होतं. वारं सुटलं, छपराचे पत्रे कागदासारखे उडाले आणि लिंबाएवढ्या गारा गिरणीत पडू लागल्या. त्याने तिला उचलून पत्र्याच्या रिकाम्या कोठीत घातलं, आपणही उतरला आणि झाकण ओढलं. आत काळोख, जुन्या धान्याचा वास, आणि डोक्यावर ताशा वाजावा तशा गारा. ती थरथरत होती. गुडघे दुमडून पायांना मुंग्या आल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "पाय काढा की माझ्यावरचा." तो म्हणाला, "तो तुझाच पाय आहे." मग बाकीचं. गारा पडत होत्या, संसाराचं छप्पर उडून गेलं होतं आणि ती पोट धरून हसत होती. त्या कोठीतच तिला हा माणूस आपला वाटला.

पुढे कॅसेट आली. पीठ पडलं, तो उठला आणि सगळ्या गावासमोर तेच बोलला.

"असं होय!" तिला वाटलं. आपलं बोलणं ऐकून त्याला सिनेमातलं आठवलं असणार. त्या रात्री जेवायला वाढताना तिने त्याला टोमणा मारलाच. "मला वाटलं माझ्यासाठी काढलं होतंत. तुम्ही तर सिनेमातलं उष्टं आणून वाढलंत की."

त्याने काही बोलायला तोंड उघडलं. मग भुवयांवरचं पीठ झटकलं आणि नुसता हसला. "चांगलं असलं की उष्टं काय नि ताजं काय."

तेव्हापासून तो काही गोड बोलला की ती म्हणायची, "हे कुठल्या सिनेमातलं?" थट्टेची सवयच होऊन बसली. शेवटच्या दुखण्यातही तो खाटेवरून म्हणाला होता, "तू जवळ बसलीस की काळोख बरा वाटतो." आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हे कुठल्या सिनेमातलं?" तो आवाज न करता हसला होता. त्याच्यात तेवढीच ताकद उरली होती.

रविवारी भाची आली. तिने नवं मशीन जोडलं आणि जुनं खोकं उचलून दारापाशी ठेवलं. गिरणीवालीने ते परत आत आणलं.

"मावशी, काय करायचंय त्याचं?"

"असू दे गं. पोत्याखाली टेकू लागतो."

दुपारीच गिरणी भरली. दारं-खिडक्यांना पोती लावून अंधार केला. चहावाला किटली घेऊन फिरत होता. कंपाउंडर धुतलेला सदरा घालून पुढे बसला होता; डॉक्टर गाव सोडून गेल्यापासून गावाला तोच औषध देई, पण आज त्याने साफ सांगितलं होतं की खोकला उद्या आणा.

चित्र सुरू झालं आणि गावाने श्वास रोखला. केवढं स्वच्छ! चोराच्या गालावरचा तीळ दिसत होता. अंगणातल्या कोंबड्या निरनिराळ्या रंगाच्या होत्या.

"अगं बाई, लुगडं हिरवं आहे तिचं! मी इतकी वर्षं निळं समजत होते," शिंपीण म्हणाली.

"तुम्ही कपडे शिवणाऱ्यांच्या घरच्या, तुमची ही तऱ्हा," कंपाउंडर म्हणाला.

"तुम्ही तेवढ्या गोळ्यांचे रंग ओळखून द्या म्हणजे झालं!"

हशा पिकला. चोर घरात शिरले. मालक परत आला. चोर कोठीत उतरले आणि झाकण लागलं.

कुणीही "पीठ!" म्हणालं नाही. गिरणीवालीने खांब घट्ट धरला.

पडद्यावर कोठीचं पोट उघडल्यासारखं दिसू लागलं. आत दोघे चोर, गुडघे नाकाशी घेऊन, एकमेकांत अडकलेले. वर झाकणावर मालक बसून विडी ओढतोय. चोर एकमेकांकडे बघतायत. एकाने ओठ घट्ट मिटलेत, दुसऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवलाय. कोंबडी कुठेतरी कॉक-कॉक करून गेली. बाकी चिडीचूप.

"आवाज गेला का?" शिंपी म्हणाला.

"वायर हलव गं!" चहावाला ओरडला.

"आवाज आहे, काका. कोंबडी ऐकलीत ना?" भाची म्हणाली. "इथं कुणी बोलतच नाही."

"बोलत नाही म्हणजे? पाय कुठाय? 'पाय काढ' कुठाय?"

तेवढ्यात मालक झाकणावरून उठला, विडी टाकली, चोर बाहेर आले आणि सिनेमा पुढे निघाला. सगळ्यांनी एकच गलका केला. भाचीने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दोघे चोर, मिटलेली तोंडं.

कंपाउंडरने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, आपण तरी काय माणसं! मालक वर बसलाय. आत हे बोलले तर त्याला ऐकू नाही का जाणार? एवढी वर्षं एकाच्याही डोक्यात आलं नाही!"

 मग चहावाला खदखदून हसला. "म्हणजे सगळं त्याच्या पोटातलं! फसवलं की आपल्याला!"

"मी ते पोरीच्या लग्नात व्याह्यांना ऐकवलंय," शिंपी हिरमुसून म्हणाला. "सिनेमातलं म्हणून."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," कंपाउंडर डोळे पुसत म्हणाला. "या बाबाची मेल्यावरही गेली नाही. अजून हसवतोय."

"वहिनी, तुम्हांला ठाऊक होतं का हो?" शिंपिणीने मागे वळून विचारलं.

गिरणीवाली खांबापाशी उभी होती. तिला गारा ऐकू येत होत्या. पत्र्यावर, अगदी डोक्यावर, ताशासारख्या. बाहेर ऊन होतं, सगळ्यांना दिसत होतं. तिच्या नाकाला जुन्या धान्याचा वास आला. आणि त्या रात्री जेवताना त्याने उघडलेलं तोंड तिला दिसलं, काही सांगायला उघडलेलं आणि मग मिटलेलं. सांगितलं असतं तर गावाच्या हातातलं हसू काढून घ्यावं लागलं असतं. त्याने गावाला ते ठेवू दिलं आणि घरात उष्ट्याचा बोल सोसला. कोठीतलं ते सगळं ताजं होतं. तिच्यासाठीच, त्या काळोखात, त्याच घटकेला काढलेलं.

"वहिनी?"

"नव्हतं ठाऊक," ती म्हणाली. मग भाचीला म्हणाली, "पुन्हा लाव गं. तेवढंच."

चित्र लागलं. झाकण मिटलं. दोघे चोर काळोखात एकमेकांकडे बघू लागले. खरखर नव्हती. धुतलेली, स्वच्छ शांतता होती, आणि तिच्या तळाशी कुणीही घसा खाकरलं नाही. गिरणीवाली खांब सोडून पुढे आली. पोत्यांवरच्या माणसांनी पाय आवरून तिला वाट दिली. टीव्हीशेजारी ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातावरचं पीठ उजेडात पांढरं दिसत होतं.

"पाय काढा की माझ्यावरचा," ती म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा गावाने कधी ऐकला नव्हता. चहावाल्याचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य लहान पोरालाही पाठ होतं. शिंपिणीने चहावाल्याचा हात दाबला.  कुणीच बोललं नाही. पडद्यावरचे दोघे तिच्याकडे बघावं तसे बघत होते.

ती थांबली, उत्तराला लागतो तेवढा वेळ. मग पुढचं म्हणाली.

"मग माझा दुसरा कुठे आहे?"

बाहेर वाऱ्याने भुसा आणून दारावर टाकला. गिरणीत भरलेलं सगळं गाव पोत्यांवर न हलता बसून राहिलं, आणि गिरणीवाली मान किंचित कलती करून, ऐकत उभी राहिली.