अख्खी गोळी

मित्रांनो, ताप उतरला की तुम्ही डॉक्टरांचे आभार मानता. माझे कधी मानले आहेत का? मी गोळ्या पाडणारे एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात औषधाची भुकटी पडते, दोन ठसे तिला वरून-खालून दाबतात आणि टणक गोळी बाहेर येते. तरुणपणी माझा थाट मोठा होता. मग शेजारी चकचकीत यंत्र आले आणि माझ्यावर कापड पडले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्याचे ते नऊ दिवस काही संपेनात.

मला चालवणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण नुसत्या आवाजावरून तो माझे दुखणे ओळखतो. त्याची थोरली बहीण याच कारखान्यात पाकिटे तपासते. तिच्या हृदयासाठी रोज एक गोळी लागते. ती गोळी एकच कंपनी करायची आणि फार महाग विकायची, म्हणून ताई अर्धीच घ्यायची. अलीकडे जिना चढताना तिला धाप लागत होती.

नवे औषध शोधणाऱ्याला ठरावीक वर्षे ते एकट्याने विकण्याचा हक्क मिळतो. त्याला पेटंट म्हणतात. त्याने कष्ट घेतलेले असतात, तेव्हा त्यात वावगे काही नाही. मुदत संपली की तेच औषध इतरांनाही करता येते आणि ते स्वस्त होते. ताईच्या औषधाची मुदत संपत आली होती. आमच्या नमुन्याला परवानगीही मिळाली होती. नवे यंत्र दुसऱ्या कामात अडकलेले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. माझा आनंद त्या कापडाखाली मावेना!

पेटंट संपले त्या सकाळी कानसेनने मला सुरू केले. काचेपलीकडे ताईला पाहून त्याला दम धरवेना. त्याने वेग वाढवला, मीही चेकाळले. आणि गोळ्यांच्या टोप्या उडू लागल्या, म्हणजे प्रत्येक गोळीचा वरचा थर सुटून येऊ लागला.

ताई दारात आली. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! अरे, अर्ध्या गोळ्या तर मी घरीच करते. तू मला अख्खी दे."

"चुकलं ताई. हुरळून गेलो," कानसेन म्हणाला.

त्याने तो सगळा माल बाद केला, ठसे पुसले, वेग उतरवला आणि कान लावून बसला. मी श्वास रोखून फिरले. मग नेहमीच्या सवयीने त्याने एक गोळी कानाजवळ धरून बोटांनी मोडली. टक्क! तो हसला. गोळी पक्की होती.

काही दिवसांनी ताई दुकानातून आणलेले आमच्याच स्वस्त गोळ्यांचे पाकीट घेऊन दारात उभी राहिली. तिने एक गोळी काढली. कानसेनने सवयीने हात पुढे केला.

"ही नाही मोडायची," ती म्हणाली आणि पाण्याबरोबर अख्खी गोळी गिळली.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर कापड टाकाल, तर अधूनमधून ते उचलून दोन थेंब तेल घालत जा. कोणाची तरी अख्खी गोळी त्याखाली वाट पाहत असते.