काळ्या चेंडूची जागा

“बटण लागलं होतं,” मामा म्हणाला. “डाव्या कफाचं. काळ्या चेंडूला.”

टेलरकाकांनी मशीनवरचा पाय उचलला नाही. विजारीची एक बाजू पुरी शिवून झाली, दोरा तुटला, मग त्यांनी चष्म्यावरून आधी मामाकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. माझ्या कडेवर नऊ महिन्यांची लेक होती आणि ती टाचण्यांच्या डबीकडे झेपावत होती. मी एक पाऊल मागे सरले.

“कधीचं बोलतोयस?”

“फायनलचं.”

“सव्वीस वर्षं झाली त्याला.”

“हो.”

“आणि आज बटण आठवलं.”

“आठवत रोजच होतं. आज सांगतोय.”

टेलरकाकांनी विजार उलटी केली आणि दुसऱ्या बाजूला सुई टेकवली. मशीन पुन्हा सुरू झालं. दुकान इतकं अरुंद होतं की मामा उभा होता तिथून त्याला हलायचं तर आधी मला बाहेर पडावं लागलं असतं. मला त्याने मुद्दाम आणलं होतं. सकाळी फोनवर म्हणाला होता, “बाळाला घेऊन चल. मूल समोर असलं की माणसं ओरडत नाहीत.” टेलरकाका ओरडले नाहीत हे खरं, पण हे मशीन चालवणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मामा पूल खेळायचा, क्यूच्या काठीने टेबलावरचे चेंडू भोकात घालायचा तो खेळ. खेळायचा म्हणजे, मी लहान असताना त्याच्यासारखा खेळणारा आमच्या आसपास कुणी नव्हता. तो टेबलावर वाकला की बाकीच्या टेबलांवरचे खेळ आपोआप थांबायचे. पांढरा चेंडू मारल्यावर तो कुठे जाऊन थांबेल हे मामा आधी बोटाने दाखवायचा आणि चेंडू आज्ञाधारक पोरासारखा तिथे जाऊन थांबायचा. मी त्याची एकुलती एक भाची. उंच स्टुलावर बसून हे पाहताना मला वाटायचं, सगळ्यांचे मामा असेच असतात.

पण त्याला एक खोड होती. समोरचा खेळाडू नेम धरत असला की मामा भिंतीला टेकून हळूच म्हणायचा, “नाही जाणार.” बस, एवढंच. आणि चेंडू जायचा नाही. यावरून पूलच्या हॉलमध्ये त्याला ‘वेधशाळा’ म्हणायचे. अर्धे लोक म्हणायचे, अंदाज खरा ठरणारी एवढी एकच वेधशाळा आहे. उरलेले अर्धे म्हणायचे, हा माणूस खेळाडू नाही, पनवती आहे, याच्याशी खेळण्यापेक्षा दात काढून घेतलेला बरा. एकदा तर दोन सख्ख्या भावांनी त्याच्यावरून अबोला धरला होता. माझी आई म्हणायची, “माझा भाऊ गुणी आहे, फक्त त्याचं तोंड त्याच्या हाताखाली काम करत नाही.”

टेलरकाका त्याचे शाळेपासूनचे मित्र. हॉलच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये दोघे समोरासमोर आले आणि मामा जिंकला. कप हातात घेऊन तो माइकवर म्हणाला, “माझा मित्र शिवतो मात्र छान.” हॉल खदखदून हसला. टेलरकाकाही हसले. त्यानंतर ते पुन्हा कधी हॉलची पायरी चढले नाहीत.

मशीन थांबलं.

“कुणी पाहिलं नव्हतं,” टेलरकाका म्हणाले.

“नाही.”

“मीही नाही. मग आता कशाला? तुमच्या प्रार्थनागृहात सांगितलंय वाटतं, सगळ्यांकडे जाऊन या म्हणून?”

“तिथे कुणी काही सांगितलं नाही. माझं मला.”

“म्हणजे तू हलका होणार आणि ओझं माझ्या दुकानात ठेवून जाणार. जागा बघ किती आहे दुकानात.”

मामा गप्प बसला. गप्प बसलेला मामा ही मला गेल्या आठ वर्षांत सवयीची झालेली गोष्ट होती, तरी अजून प्रत्येक वेळी चुकल्यासारखं व्हायचं. मामी गेली त्या उन्हाळ्यात तो एके दुपारी प्रार्थनागृहात जाऊन बसला. का, असं विचारलं तर म्हणायचा, “पंखा चांगला होता.” दुसऱ्या दिवशीही गेला. मग रोज. हॉलमधले टवाळ म्हणायला लागले, वेधशाळा आता वरच्या हवेचा अंदाज देते. त्याने एकालाही उलट उत्तर दिलं नाही, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. पण मग दर आठवड्याच्या प्रार्थनेत ग्रंथ वाचायचं काम त्याच्याकडे आलं आणि मी त्याला ऐकायला गेले. दोनशे माणसं बसली होती आणि एकही खोकत नव्हतं. ज्या आवाजात तो “नाही जाणार” म्हणायचा त्याच आवाजात तो वाचत होता, आणि ऐकणाऱ्याला वाटत होतं, आपलंही काहीतरी सुटेल, जाईल. त्या एका तासासाठी तो आठवडाभर जगायचा. सदरा स्वतः इस्त्री करायचा, गरम पाण्याने गुळण्या करायचा.

तिथे एक रीत आहे. वाचणाऱ्याने आधी ग्रंथावर हात ठेवून आपली सर्वांत लाडकी गोष्ट सगळ्यांसमोर सोडायची. कुणी तंबाखू सोडतं, कुणी गोड. मामा म्हणाला होता, “क्यू पुन्हा हातात धरणार नाही.” हॉलमधल्या कुणाला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, कारण त्या दिवशी घरी येऊन तो बराच वेळ नुसता आपला डावा हात पाहत बसला होता.

टेलरकाकांनी विजारीची घडी घातली. “चल.”

“कुठे?”

“हॉलवर. काय झालं होतं ते तोंडाने नको सांगू. मांडून दाखव.”

हॉल दोन गल्ल्या पलीकडे होता. दुपारची वेळ, सगळी टेबलं झाकलेली. मालक गुडघ्याला पट्टा बांधून पेपर वाचत होता. दोघांना एकत्र आत येताना पाहून त्याने पेपर खाली ठेवला आणि काही न बोलता खिडकीजवळच्या टेबलावरचं कापड ओढून काढलं. बसायला दिलेली खुर्ची मी आधी हाताने हलवून पाहिली. लेकीने तेवढ्यात टेबलाच्या कडेवरचा, क्यूला लावायचा निळा खडू उचलून तोंडात घातला. तो काढून घेईपर्यंत तिचे ओठ, हनुवटी आणि माझा खांदा निळा झाला. खडू विषारी असतो का, असं मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, “वेधशाळेने लहानपणी तुलाही चाटू दिला होता. कॉलेजात गेलीस ना नीट?”

मामाने तीन चेंडू घेतले. पांढरा, काळा आणि त्याचा स्वतःचा शेवटचा राहिलेला पट्ट्याचा. टेलरकाकांचे सगळे संपले होते, त्यांना फक्त काळा घालायचा होता. मामाला आधी पट्ट्याचा आणि मग काळा. पाळी मामाची होती. खेळताना हात, बाही, काहीही चेंडूला लागलं की पाळी जाते आणि समोरचा पांढरा चेंडू हातात घेऊन हवा तिथे ठेवतो. म्हणजे त्या दिवशी बटण लागल्याचं मामाने कबूल केलं असतं तर कप टेलरकाकांच्या घरी गेला असता.

पांढरा त्याने कडेजवळ ठेवला, पट्ट्याचा मध्यावर. आणि काळा ठेवला कोपऱ्यातल्या भोकापासून वीतभर अंतरावर.

“तिथे नव्हता,” टेलरकाका म्हणाले.

“तिथेच होता.”

“नव्हता. पांढऱ्याच्या मागे होता, कडेला धरून.”

“सव्वीस वर्षं झाली. तुझ्या लक्षात नसेल.”

“माझ्या? मी रोज रात्री झोपताना तो चेंडू बघतोय.” टेलरकाका टेबलाला वळसा घालून आले. “आणि अक्कल लाव जरा. काळा एवढ्या लांब असता तर तुझं बटण त्याला लागलं कसं? तुला हात वरून टाकावा लागला तो काळा मध्ये होता म्हणूनच ना?”

मालक खोकला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मला आता कळलं की मामा काय करत होता. भोकाजवळचा काळा चेंडू माझ्या लेकीनेही घातला असता.

“माझ्या बाजूने केलेली लबाडी ती लबाडी नाही का रे?” टेलरकाका हळू आवाजात म्हणाले. “तेव्हा एक केलीस. आता ही दुसरी.”

मामाने मान खाली घातली. मग हात लांब करून काळा चेंडू उचलला आणि पांढऱ्याच्या मागे, कडेला धरून ठेवला. टेलरकाकांनी वाकून, एक डोळा मिटून पाहिलं आणि तो अर्धं बोट डावीकडे सरकवला. मामाने पाहिलं आणि मान हलवली. हो, तिथेच. दोघांच्याही डोक्यात तो इतकी वर्षं बरोबर त्याच जागी होता.

“बटण लागलं,” मामा म्हणाला. “माझी पाळी गेली. पांढरा तुझ्या हातात.”

टेलरकाकांनी भिंतीवरचे तीन-चार क्यू हाताळून एक निवडला. पांढरा चेंडू हवा तिथे ठेवला. सोपा नव्हता, पण अवघडही नव्हता. त्या काळातल्या टेलरकाकांनी दहापैकी नऊ वेळा घातला असता. ते वाकले आणि तसेच थांबले.

“गप्प का?” त्यांनी न वळता विचारलं. “बोल की. तेव्हा बोलायचास.”

मामा भिंतीला टेकला होता.

“जाईल,” तो म्हणाला.

नाही गेला. काळा भोकाच्या ओठाला लागला, परत फिरला आणि टेबलाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. आयुष्यभर सुईत दोरा ओवून अधू झालेले डोळे टेलरकाकांनी चष्मा काढून पुसले.

“वेधशाळा चुकली,” मालक म्हणाला.

टेलरकाकांनी क्यू मामासमोर धरला. “तुझी पाळी.”

“मी शपथ घेतलीय.”

“माहितीये. सगळ्या गावाला माहितीये.”

“क्यू धरला तर माझं वाचन जाईल.”

“जाईल.” टेलरकाकांनी हात मागे घेतला नाही. “आणि नाही धरलास तर मी जिंकलो असं होईल. तू देवासाठी डाव सोडलास म्हणून. मग उरलेली वर्षं मी त्या भाकड जिंकण्याकडे बघत झोपू का? हरवायचं तर नीट हरव. एवढं तरी कर.”

मी मामाकडे पाहत होते. मला बोलावंसं वाटलं, की मामा, नको, चल घरी, तुझ्याजवळ आता तेवढंच एक आहे. पण मामाने माझ्याकडे दोन्ही हात पुढे केले, लहान मूल करतं तसे.

“बाह्या दुमड,” तो म्हणाला. “कोपराच्या वरपर्यंत.”

मी लेकीला मालकाच्या मांडीवर दिलं. तिच्या ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे मी तिला एरवी देत नाही. मग मामाच्या कफांची बटणं काढली आणि बाह्या घट्ट दुमडत वर नेल्या. त्याचे हात थंड होते.

त्याने क्यू घेतला. आठ वर्षांनी. डावा हात हिरव्या कापडावर टेकवला, बोटं पसरली, आणि खोलीत जे काही चालू होतं ते थांबलं. पट्ट्याचा चेंडू सरळ गेला. पांढरा कडेला लागून फिरला आणि काळ्याच्या मागे येऊन असा थांबला, की मालकाच्या तोंडून “अरे बापा” निघून गेलं. मग काळा. हलका, सावकाश, कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तसा.

टेलरकाका रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी मोठा श्वास सोडला.

“हं,” ते म्हणाले. “आता हरलो.” आणि मामाची डावी बाही खाली ओढत, कापड बोटांत चोळत म्हणाले, “कफ केवढे ढगळ ठेवलेत. कुणी शिवला हा? उद्या दुकानात टाकून जा, आत घेतो.”

प्रार्थनागृहाच्या प्रमुखांना मामाने त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितलं. कुणी चुगली करायच्या आधी वगैरे नाही. त्याला सांगायचं होतं म्हणून. प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक, मऊ स्वभावाचे. मी दाराशी उभी होते, मला ऐकू येत होतं.

“हातून झालं,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की पश्चात्ताप होतोय. वाचन तुमचंच राहील. तुमच्यासारखं वाचणारा मला तरी कुठे मिळणार?”

“तसं म्हणता येणार नाही.”

“का?”

“होत नाहीये,” मामा म्हणाला. “झाला की सांगेन.”

प्रार्थनागृहातही आता त्याच्यावरून दोन तट पडलेत. काही म्हणतात, ग्रंथावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला आणि वर ताठा. काही म्हणतात, एवढा खरा माणूस आपल्यात दुसरा नाही. मामाच्या नशिबी हे असंच. हॉलमध्येही अर्धे आणि इथेही अर्धे. मला कुणी विचारलं तर मी कुठल्या अर्ध्यात, हे सांगायची गरज नाही.

परवा मी लेकीला घेऊन गेले. ती आता उभी राहते, बाकाला धरून. वाचायला औषधांच्या दुकानातले गृहस्थ होते. भला माणूस, पण ओळीच्या मध्येच श्वास संपतो त्यांचा, आणि पान उलटताना पुढचा शब्द हरवतो. लोक खोकत होते, पाय हलवत होते. मामा सगळ्यात मागच्या बाकावर, इस्त्रीच्या सदऱ्यात, कफ बेताचे. त्याचे डोळे मिटलेले होते. ते गृहस्थ जिथे अडखळायचे तिथे मामाचे ओठ थांबायचे, वाट पाहायचे, आणि शब्द सापडला की त्यांच्याबरोबर पुढे निघायचे, आवाज न करता.