न बोलता चालू ठेवलेला कॉल

रविवारी सकाळी बू कार्सिनी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायची. आमच्या जावा बेटावर थोरल्या बाईला बू म्हणायचं, थोरल्या पुरुषाला पाक. पडद्यात हाँगकाँगच्या बागेतली चटई नि चटईवर तिची लेक एन्दाह. परक्याच्या घरी राबणाऱ्या पोरीला तो एकच सुटीचा वार. इकडे आई मिरच्या निवडी, तिकडे लेक केस विंचरी. बोलणं फारसं नाहीच. दिवस कलेपर्यंत दोघी अशा एकमेकींच्या उशाशी.

आमच्या गल्लीत इंटरनेटची जोडणी एकच, गल्लीप्रमुख पाक जुमारींच्या घरी. तिथून घरोघर वायरी गेलेल्या. कंपनीचा प्लॅन म्हणायला अनलिमिटेड, पण वापर ठरावीक रेषेपल्याड गेला की वेग असा पडे, की चित्र हलेपर्यंत चहा निवावा. महिनाअखेर आली की गल्लीभर शिव्या.

शेवटी जुमारींच्या अंगणात बैठक बसली. तळलेली केळी पुढे आली, पण कुणाचा हात उचलेना.

"सगळ्यात जास्त वापर बू कार्सिनींचा," जुमारी म्हणाले.

"आणि बोलतात काय? काही नाही!" समोरच्या घरातली रेत्नो फणकारली. ती ओट्यावर उभी राहून मोबाइलवर लाइव्ह कपडे विकायची. "नळ उघडा टाकून झोपावं, तसलं हे. ख्यालीखुशाली विचारा नि ठेवा की!"

"तू घरात असतेस तेव्हा तुझी आई दिवसभर भाषण ठोकते होय गं?" कार्सिनी म्हणाली.

रेत्नोने मग आमच्या जावाच्या रीतीने दुओळी टोमणा हाणला:

केळीच्या पानात बांधला भात,
मुक्यांच्या गप्पांना पुरेना रात!

अंगण खिदळलं. कार्सिनीने केसांची गाठ आवळली नि उलट फेकली:

फणसाची भाजी चढली चुलीवर,
हिचं दुकान चाललं गल्लीच्या वायरीवर!

"माझं पोट आहे ते!"

"माझी लेक आहे ती!"

"पुरे!" जुमारींनी मांडीवर थाप मारली. "घरटी मर्यादा. संपली की त्या घराची वायर बंद. पोटापाण्याच्या धंद्याला तेवढी सूट."

हात वर झाले. कार्सिनी केळ्याला न शिवता उठून गेली.

पुढच्याच रविवारी घास तोंडाशी नेता नेता एन्दाह थिजली, आणि पडदा काळा झाला. कार्सिनीने मोबाइल पालथा घातला. बाहेर रेत्नोचा आवाज उकळत होता, "बघा ताई, हात लावला तर लोणी!"

कार्सिनी दारात आली. रेत्नोच्या मोबाइलचं तोंड गल्लीकडे होतं. म्हणजे थेट कार्सिनीच्याच ओट्याकडे. तिने लेकीला इंटरनेटविना जाणारा साधा मेसेज धाडला: रेत्नोचं दुकान उघड. आणि सुपात मिरच्या घेऊन ओट्यावर बसली.

"बू, सरका तिथून! माझ्या मागे दिसताय."

"माझा ओटा आहे. ह्याला अजून मर्यादा लागलेली नाही."

मोबाइल उलटा फिरवावा, तर मागे घरातला काळोख. रेत्नोने मधे एक लांब झगा टांगला. कार्सिनीने पाट हातभर सरकवला. रेत्नोने दुसरा टांगला. पाट पुन्हा सरकला. रेत्नो दात खाऊन हसत राहिली, कारण गिऱ्हाइकं बघत होती.

गिऱ्हाइकांचं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, ही तिच्या धंद्याची सवय. "सुराबायाच्या ताई विचारतायत, निळा आहे का? आहे ना! पुढं... आई, कंबर अजून दुखते का..."

रेत्नोने जीभ चावली.

"सांग तिला, दुखत नाही," कार्सिनी ओरडली.

"मी काय टपालवाली आहे तुमची?"

"नको सांगूस. तिला ऐकू गेलंच असेल."

कार्सिनीला स्वतःला लेक दिसत नव्हती. मिरचीचे देठ ती हळूहळू खुडत होती, एरवीपेक्षा कितीतरी हळू. रेत्नोने संतापाने सगळ्यात रुंद झगा उचलून मोबाइलपुढे पसरला, आणि घसा ताणून पुढची ओळ वाचली.

"आई, डावीकडे सरक. झग्याआड गेलीस!"

कार्सिनीने पाट डावीकडे ओढला.