छत्तीसची आई

गणिताच्या सरांच्या खास वर्गात बाकं वीसच, आणि सरांची जीभ म्हणजे वस्तरा. हुशार पोरांना साध्या परीक्षांनी गंज चढतो म्हणून दर शनिवारी ते दहा कोडी घालत, काही शब्दांची, काही आकड्यांची. त्यात एक फसवं असे. त्यात जो फसला त्याचं बाक गेलं. कोडी सगळी त्यांच्या दादाच्या वहीतली. सरांना या नादाला त्यानेच लावलं होतं, आणि एकोणिसाव्या वर्षी तो तापाने गेला होता.

त्या शनिवारी घड्याळवाल्याच्या मुलीची नऊ उत्तरं बिनचूक आली. दहावं होतं: मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीसची, किती वर्षांनी दोघी एका वयाच्या होतील? उत्तर अर्थात 'कधीच नाही'. तिने लिहिलं होतं, चोवीस.

सरांना आयती शिकार मिळाली. तिला फळ्यापाशी उभं करून त्यांनी वर्गाला विचारलं, "पक्ष्याला उडणं, तसं हिला काय?"

"आपटणं," पोरं एका सुरात म्हणाली आणि पोट धरधरून हसली.

"आई काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का गं?"

"हो सर," ती म्हणाली. "माझी आई छत्तीसची असताना गेली. ती आता छत्तीसचीच राहणार. मी बाराची आहे. हे गणित मी कधीच करून ठेवलंय."

हसू विरलं. सरांना तिथेच शब्द मागे घेता आला असता. पण एकोणीस पोरांसमोर नमतं घेणं त्यांना जमणारं नव्हतं.

"कोड्यातली आई जिवंत आहे," ते म्हणाले. "दप्तर उचल."

तिने उचललं. जाताना दार हळूच लावून घेतलं.

वर्ग सुटल्यावर सर तिचा कागद घेऊन बसले. दादा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. तो गेल्यावर चार वर्षांनी सर त्याच्या वयाचे झाले, आणि त्या वाढदिवशी दिवसभर कोणाशी बोलले नव्हते. आता ते अठ्ठावन्नचे होते, दादा अजून एकोणीसचा. हे गणित त्यांनीही कधीच करून ठेवलं होतं. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

मग त्यांनी दहाव्या उत्तरापुढचं शून्य गिरवून ठळक केलं, आणि हजेरीवहीत तिच्या बाकासमोर प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव लिहिलं.